ट्रेमध्ये दाखवलेली पिशवी

ऑपरेशन थिएटरचं दार अर्धवट उघडतं. हिरव्या गाऊनमधली सिस्टर विचारते, "पेशंटसोबत कोण आहे?" बाकड्यावरचा नवरा उठतो, मागोमाग नणंद. सिस्टरच्या हातात स्टीलचा ट्रे आणि ट्रेमध्ये मुठीएवढा लालसर गोळा. "ही बघा पिशवी. पाहून घ्या." नवरा एक नजर टाकतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतो. नणंद मात्र तोंडाला पदर लावून नीट बघते आणि गावाकडे फोन लावते, "झालं वो. दाखवली आम्हाले. लयच खराब झाली होती म्हणे."

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर. तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यांना हे दृश्य नवीन नाही. उरलेल्या महाराष्ट्रालाही नाही. दाखवण्यामागे डॉक्टरचा हेतू वाईट नसतो. पैसे घेतले, काम केलं, हा त्याचा पुरावा. पण ट्रेमधला गोळा बघून पिशवी काढल्याचं तेवढं कळतं, काढायला हवी होती की नाही ते कळत नाही. धडधाकट गर्भाशयही बाहेर काढल्यावर असंच रक्तानं माखलेलं, ओंगळ दिसतं. खरं काय ते सांगणारा कागद वेगळा असतो. काढलेला अवयव प्रयोगशाळेत जातो, पॅथॉलॉजिस्ट त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि आठवड्याभरात अहवाल येतो. तो आणायला मात्र पुष्कळदा कुणी जात नाही. टाके निघालेले असतात, गावाकडे सोयाबीन सोंगायला आलेलं असतं.

घोळ 'पिशवी' या शब्दापासूनच सुरू होतो. गर्भाशय म्हणजे पिशवी, गर्भाशयाचं मुख म्हणजे पिशवीचं तोंड, इथपर्यंत ठीक. पण बायकांच्या बोलण्यात अंडाशयंही पिशवीतच जमा होतात आणि गर्भनलिकाही. वऱ्हाडातली बाई दवाखान्यात येऊन जे सांगते ते असं असतं: अंगावर लय जाते, पांढरं जाते, ओटीपोट दुखते, अंग बाहेर येते. या चार तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगवेगळी आणि उपचारही वेगवेगळे. तरी चारही तक्रारींना उत्तर एकच मिळतं, "पिशवीला सूज आहे." हे 'सूज' प्रकरण मोठं सोयीचं. ते रोगाचं नाव नाही, त्यानं काही ठरत नाही, पण ऐकणारीच्या मनात भीतीचं बी पडतं. त्यावर "पुढं कॅन्सर होऊ शकतो" हे एक वाक्य पडलं की पुढचं सगळं आपोआप होतं.

गर्भाशय काढणं हे या विषयातलं मोठं ऑपरेशन असलं, तरी सर्वांत जास्त होणारं नाही. नसबंदी त्याहून कितीतरी जास्त होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं आहे. पुरुषांचं प्रमाण एक टक्काही नाही. वास्तविक पुरुषाची नसबंदी हे कितीतरी लहान काम. पोट उघडायचं नाही, भूलही जागच्या जागी. पण "त्याले पाण्याचे हंडे उचलाव लागत नाहीत" असं म्हणणाऱ्या घरांतही टेबलावर चढते बाईच. टाक्याचं आणि बिनटाक्याचं, असे त्याचे दोन प्रकार लोक सांगतात. टाक्याच्या ऑपरेशनात बेंबीखाली किंवा ओटीपोटावर लहान छेद घेऊन दोन्ही नलिका बांधून कापतात. दुसरं दुर्बिणीचं, त्यात नलिकांवर रिंग चढवतात. पाळी, संसार, कामाची ताकद यांवर दोन्हींचा परिणाम होत नाही. गर्भाशय आणि अंडाशय जिथल्या तिथे असतात. तरीही वीस वर्षांनी पाळी बिघडली की दोष त्याच ऑपरेशनला दिला जातो.

तसंच सर्रास होणारं दुसरं ऑपरेशन सिझरचं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत शंभर बाळंतपणांमागे सुमारे १४ सिझर झाली, खासगीत सुमारे ४७. अडलेली, गुंतागुंतीची बाळंतपणं खासगीत जास्त जातात असं धरलं, तरी तिपटीहून मोठी ही तफावत तेवढ्यानं भरून निघत नाही.

मग येतं क्युरेटिंग. याला लोक 'पिशवी साफ करणं' म्हणतात आणि त्या नावानंच फसगत होते. गर्भाशय काही मोरीसारखं तुंबत नाही. गर्भपात अर्धवट राहिला असेल तर आतलं काढावं लागतं, आणि त्यासाठीही खरवडण्यापेक्षा नळीनं ओढून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवते. एरवी चाळिशीनंतर फार रक्त जात असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेणं, हे या ऑपरेशनचं खरं काम. दहा-पंधरा मिनिटांचा मामला. तुकडा तपासायला न पाठवता नुसतं 'साफ' केलं, तर त्यातलं महत्त्वाचं तेच राहिलं.

अंग बाहेर येण्याचं दुखणं जुनं आणि मुकं. लागोपाठ बाळंतपणं, घरी अडून राहिलेली प्रसूती, बाळंतिणीनं पंधराव्या दिवशी उचललेलं ओझं, यांनी गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल पडतात. बाई वर्षानुवर्षं फडकं लावून शेतात वाकत राहते. इथं मराठी माणसानं जगाला काही दिलं आहे. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता पट्टीच्या आधारानं वर बांधून घेण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांचीही तशाच हेतूची पद्धत आहे. तरुण वयात अंग बाहेर आलेल्या आणि अजून मूल हवं असलेल्या बाईसाठी ही ऑपरेशनं महत्त्वाची ठरली. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडत राहतो अशा बाईच्या गर्भाशयाच्या मुखाला घालायचा 'शिरोडकर टाका' तर १९५५ पासून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पिशवी वाचवण्यासाठी नाव कमावलेल्या डॉक्टरांच्या राज्यातच पिशव्या काढण्याची चर्चा विधिमंडळात व्हावी, हा योगायोग मात्र बोचरा आहे.

ती चर्चा झाली २०१९ साली, बीड जिल्ह्यावरून. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. देशाची सरासरी यापुढे ठेवून बघावी: १५ ते ४९ वयाच्या बायकांत सुमारे तीन टक्के.

बीडच्या बाईची गरज तिच्या कामातून आली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल सहा महिने राबून फेडायची. एका दिवसाचा खाडा पडला तर दंड. फडात संडास नाही, पाण्याची सोय नाही. पाळीचे चार दिवस तिथे परवडत नाहीत. अशा बाईला पांढरं जाण्याच्या, ओटीपोट दुखण्याच्या तक्रारीवर कुणी "एकदाची काढून टाका" म्हणालं, तर तिला तो सल्ला सुटकेसारखा वाटतो. "पोरं झाली, आता पिशवीचं काय काम?" हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी जितकं, तितकंच बाईच्या तोंडी असतं. सगळी जबाबदारी एकट्या डॉक्टरवर टाकून मोकळं होता येत नाही ते यामुळेच. पण सुटका मागणाऱ्या बाईला त्या सुटकेची किंमत सांगायचं काम डॉक्टरचंच होतं.

बायकांची दुखणी खरी होती, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. त्यांची नोंद २०१९ च्या तीस वर्षं आधीच विदर्भात झालेली होती. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक काही ना काही दुखणं होतं, एकीमागे सरासरी तीनहून अधिक. आणि त्याआधी कधीतरी डॉक्टरनं आतून तपासलं होतं अशा फक्त आठ टक्के. यांतल्या बहुतेक दुखण्यांना गोळ्या, स्वच्छता आणि वेळेवर तपासणी पुरणारी होती. ती गावापर्यंत आली नाही. पुढे रस्ते झाले, सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याला आली आणि पहिल्या तपासणीपासून ऑपरेशनपर्यंतचं अंतर काही घरांत एका दुपारचं होऊन बसलं.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास बारा लाख वस्ती, दहातले आठ जण खेड्यात. २०१८ साली केंद्रानं 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत त्याचं नाव आलं. सोबतचे तिघे गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद. 'आकांक्षित' हा 'मागास' या शब्दावरचा सरकारी भाषेतला मुलामा. वाशीमला जिल्हा रुग्णालय आहे, कारंज्याला उपजिल्हा रुग्णालय आणि बाकीच्या तालुक्यांना ग्रामीण रुग्णालयं. २०२४ साली वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही मंजूर होऊन सुरू झालं. तोपर्यंत अवघड केस म्हटलं की अकोल्याचा रस्ता धरायचा, एवढंच लोकांना ठाऊक होतं. आजही मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरच्या बाईनं सकाळची एसटी पकडली, की तिची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, तिकीट आणि वडापाव, हा तपासणीआधीचाच खर्च होतो. म्हणून लोक सारखं सारखं येणं टाळतात. "एकदाच काय ते करून टाका" या मागणीमागे हे गणित असतं.

'मॅडमच्या दवाखान्यात' गर्दी असतेच, बाजाराच्या दिवशी जास्त. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी, टेबलावर प्लास्टिकचं गर्भाशयाचं मॉडेल, बाकड्यावर प्लास्टिकच्या थैल्यांत जुने कागद सांभाळत बसलेल्या बायका. नंबर लागला की आत दोघं-तिघं जातात. तक्रार सांगतो नवरा किंवा सासू. बाई मान हलवते. मग सोनोग्राफी, मग पुन्हा आत आणि "पिशवी मोठी झालीय, गाठ दिसतेय." हे सगळं होऊन बोलायला मिळतात पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत पहिली गोष्ट विचारायची ती दुखण्याचं नाव. 'सूज' नव्हे, 'खराब' नव्हे, कागदावर लिहिता येईल असं नाव. गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी फायब्रॉइडची गाठ असेल तर ती किती सेंटिमीटरची आणि नेमकी कुठे? या गाठी कॅन्सरच्या क्वचितच असतात. पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतातही. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच. त्रास असेल आणि वय कमी असेल तर नुसती गाठ काढता येते. अंडाशयावरची पाण्याची साधी लहान गाठ तर दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरून जाण्याचीच शक्यता जास्त, म्हणून पुन्हा सोनोग्राफी करून बघतात. पिशवीच्या तोंडाला 'जखम' आहे असं सांगितलं जातं, ती अनेक तरुण बायकांत नैसर्गिकच असते. आतलं लालसर अस्तर तोंडाशी दिसतं, एवढंच.

फार रक्त जाणं ही सर्वांत मोठी तक्रार. देशपातळीवरच्या पाहणीत पिशवी काढलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी हेच कारण सांगितलं आहे. याला ऑपरेशनआधीच्या किती पायऱ्या आहेत, ते बघण्यासारखं आहे. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या स्वस्त आहेत. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटनं शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफेन हे आपलंच औषध. सरकारी दवाखान्यांत 'छाया' या नावानं ते गर्भनिरोधक म्हणून फुकट मिळतं. अतिरक्तस्रावासाठीही डॉक्टर ते देतात, मात्र त्याची मात्रा वेगळी असते, ती डॉक्टरनंच ठरवायची. आणि आणखी एक साधन म्हणजे हॉर्मोन सोडणारी तांबी. नावाला तांबी, तिच्यात तांबं मुळीच नाही. गर्भाशयात बसवली की पाच वर्षं आणि त्याहून अधिक काळ ती अस्तर पातळ ठेवते. अनेक जणींची पाळी नावापुरती उरते. किंमत काही हजार असते म्हणून ती महाग वाटते, पण पिशवीच्या ऑपरेशनच्या बिलाशेजारी ठेवून बघितल्यास तशी वाटत नाही. वाशीमसारख्या ठिकाणी तिचं नाव निघतच नाही, कारण विचारणारं कुणी नसतं आणि समजावून सांगायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

कॅन्सरच्या भीतीचंही तसंच. पांढरं जाण्यानं कॅन्सर होत नाही. ते पुष्कळदा जंतुसंसर्गानं होतं आणि औषधानं बरं होतं, काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कूळकथा वेगळी आहे. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर पेशी बदलू लागतात. कॅन्सर व्हायला त्यानंतर दहा-पंधरा वर्षंही जातात. म्हणजे पकडायला भरपूर अवधी असतो. हे सिद्ध करणारं मोठं काम मराठवाड्यातच झालं. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आधारानं सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनंही या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे २००९ साली त्यातून जगासमोर आलं. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांत याहूनही साधी युक्ती वापरली. गर्भाशयमुखावर सौम्य व्हिनेगर लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते शिकवून तयार केलेल्या बाईनं डोळ्यांनी बघायचं. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका देशात दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. कॅन्सरच्या भीतीनं पिशवी काढलेल्या बायकांचा हिशेब यापुढे मांडला, तर आपण कुठे चुकतो ते कळावं.

हे सगळं झाल्यावरही पिशवी काढावी लागते तेव्हा ती काढलीच पाहिजे. कॅन्सर आहे, गाठी नारळाएवढ्या झाल्या आहेत, रक्त चढवून चढवूनही हिमोग्लोबिन सहाच्या वर जात नाही, औषधं करून झाली आहेत, अशा बाईला ऑपरेशन नवा जन्म देतं. वर्षानुवर्षं पाळीच्या धास्तीनं लग्नकार्याला न गेलेल्या बायका त्यानंतर हसत फिरताना दिसतात. विरोध ऑपरेशनला नाही, त्याच्या क्रमाला आहे. जे शेवटी यायचं ते पहिल्याच भेटीत येतं.

ऑपरेशन ठरलंच, तर कुठून करणार हे विचारावं. पोटावर छेद घेऊन, खालून, की दुर्बिणीनं? शक्य असेल तिथे खालून काढणं बरं. पोटावर जखम नाही, बाई लवकर उठते, खर्चही आटोक्यात. भूल देणारे डॉक्टर कोण आणि कधी येणार, रक्त लागलं तर कुठून आणणार, हेही विचारावं. लहान गावात भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण माहीत असलेलं बरं. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी मुख्य सेवांचं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा त्या हक्कांतला एक. "मॅडमले राग येईल" ही भीती सोडून द्यावी. पेशंट पाठवणाऱ्याला बिलातला वाटा देण्याची जी 'कट प्रॅक्टिस' गावोगाव कुजबुजीत बोलली जाते, ती रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ सालीच तयार झाला होता. तो मसुदाच राहिला. म्हणून दुसरं मत पाठवणाऱ्यानं सांगितलेल्या दारात नको, वेगळ्या दारात घ्यावं. जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं, ते तिथला आरोग्यमित्र सांगतो. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येतं. दागिना गहाण ठेवण्याआधी हा फोन करावा.

यानंतरचा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. अंडाशयं ठेवणार की काढणार?

पिशवी गेली की पाळी जाते. अंडाशयं गेली की मात्र पाळी जाण्याबरोबर म्हातारपण एका रात्रीत दारात येतं. हाडांना आणि हृदयाला जपणारं इस्ट्रोजेन तिथे तयार होतं. पस्तिशीत दोन्ही अंडाशयं काढलेल्या बाईला चाळिशीच्या आतच गरम वाफा, झोप उडणं, कंबर-गुडघे धरणं, हाडं ठिसूळ होणं सुरू होतं. नुसतं गर्भाशय काढून अंडाशयं ठेवली, तरी ती काही वर्षं आधी थकण्याचा संभव असतो. घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर नसेल, अंडाशयं निरोगी असतील, तर चाळिशीच्या आत ती काढण्याला सबळ कारण लागतं. "एवीतेवी पोट उघडलंच आहे तर" हे कारण नव्हे.

सहीबद्दलही कायदा स्पष्ट आहे. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई फार रक्त जातं म्हणून १९९५ साली खासगी दवाखान्यात गेली. दुर्बिणीनं तपासणी करायला तिनं संमती दिली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. समीरा कोहली खटला म्हणून तो ओळखला जातो. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: सज्ञान बाईची तपासणीपुरती संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, जिवाला धोका नसताना तिच्या आईची सही चालत नाही. वऱ्हाडातल्या दवाखान्यात आजही फॉर्मवर सही करतो नवरा. बाई अंगठा देते, वाचून कुणी दाखवत नाही.

बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक ऑपरेशनांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या याचिकेचा निकालही सर्वोच्च न्यायालयात ५ एप्रिल २०२३ ला लागला. केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा तो आदेश. जिल्हा पातळीवर देखरेख समिती हवी आणि चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर कारणाची नोंद व्हायला हवी, सरकारी असो की खासगी. आपल्या जिल्ह्यातल्या समितीत कोण आहे, ती कधी बसते, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारायला हरकत नाही. पत्रकारांनी तर विचारावंच.

ऑपरेशननंतर सहा आठवडे ओझं उचलायचं नाही, असं डिस्चार्जच्या वेळी सांगतात. हंडा, पाटी, सिलिंडर, लहान मूलसुद्धा. निंदण-खुरपण सुरू असेल तर घरात हे सहा आठवडे तीन होतात, आणि मग टाका पिकला म्हणून पुन्हा तोच दवाखाना.

आणि शेवटी ती प्लास्टिकची थैली. घरात आईची, सासूची, थोरल्या जावेची पिशवी काढलेली असेल, तर पेटीतून तिचे कागद काढा. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनच्या नावापुढे 'टी.ए.एच.' किंवा 'व्ही.एच.' अशी इंग्रजी अक्षरं असतील. पिशवी पोटातून काढली की खालून, हे त्यावरून कळतं. त्यापुढे 'बी.एस.ओ.' लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयंही काढलेली आहेत. कित्येक बायकांना वीस-वीस वर्षं हे ठाऊक नसतं. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आत असेल आणि आता कंबर धरत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांबद्दल विचारा. थैलीत पॅथॉलॉजीचा अहवाल नसेल, तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे लेखी अर्ज करून तो मागा. तुमच्या कागदांची प्रत ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मात्र कागद तीन वर्षंच जपून ठेवण्याचा नियम असल्यानं उशीर करू नका.